सह्याद्रीतल्या वाटांसाठी गाडी सज्ज करताना

पुण्याहून किंवा ठाण्याहून निघून घाटमाथ्यावरच्या एखाद्या वाडीपर्यंत जाणारी गाडी त्या दिवसातले बहुतेक अंतर डांबरावरच कापते. उरलेल्या चार-सहा किलोमीटरांत मात्र तिला शेवाळलेला कातळ, जांभ्याची लाल राड, वाहते ओढे आणि बैलगाड्यांनी व ट्रॅक्टरांनी खोल करून ठेवलेल्या चाकोऱ्या लागतात. गाडीत बदल करायला घेताना हे प्रमाण सतत डोळ्यांसमोर असावे लागते, कारण शेवटच्या चार किलोमीटरांसाठी केलेला प्रत्येक बदल आधीच्या दीडशे किलोमीटरांवर, म्हणजे पावसातल्या घाटातल्या वळणांवर आणि ब्रेकवर, आपली किंमत वसूल करतो. म्हणून येथे सुचवलेला क्रम गॅरेजमध्ये हौसेने केल्या जाणाऱ्या कामांच्या क्रमापेक्षा वेगळा आहे. गाडी उंच करण्याचे काम त्यात बरेच मागे येते आणि टायर, ओढून काढण्याचे हूक आणि गाडीच्या पोटाचे संरक्षण ही कामे पुढे येतात.

हे सगळे शिडीसारखी चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आणि लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणारे जादा गिअर, असलेल्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाड्यांबद्दल आहे. महाराष्ट्रात आज त्यांत मुख्यतः २०२० साली आलेली नवी थार आणि २०२३ साली आलेली पाच दारांची जिम्नी दिसते, तर जुन्या जिप्सी हौशी मंडळींनी अजून जपून ठेवल्या आहेत. मोनोकॉक बांधणीच्या, म्हणजे वेगळी चॅसिस नसलेल्या, उंच दिसणाऱ्या गाड्यांना यातले टायरचे प्रकरण तेवढे लागू पडते, बाकीचे बव्हंशी नाही.

पहिले काम खर्चाचे नाही. आपली गाडी आहे तशी, काहीही न बदलता, एखाद्या अनुभवी सोबत्याबरोबर तीन-चार वेळा कच्च्या वाटेवर न्यावी आणि ती नेमकी कुठे अडते ते लिहून ठेवावे. पुढचा बंपर चढाच्या पायथ्याशी टेकतो, मधले पोट उंचवट्यावर घासते, की चाक हवेत उचलले जाऊन फिरकत राहते, या तिन्ही अडचणींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. थारचा पुढचा चढणीचा कोन सुमारे ४१ अंशांचा आणि जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे, तर जिम्नीचे हेच आकडे ३६ अंश आणि २१० मिलिमीटर आहेत. पाच दारांमुळे जिम्नीची लांबी वाढली आहे, त्यामुळे मधल्या पोटाचा कोन, म्हणजे पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन, २४ अंशांवर आला आहे. म्हणजे बांध ओलांडताना जिम्नी बहुधा पोटावर टेकणार, आणि तिच्या मालकाने आधी तिथलाच विचार करायला हवा. कारखान्यातून आलेली ही क्षमता आपल्याकडच्या बहुतेक वाटांना पुरते, हे तीन-चार फेऱ्यांत लक्षात येते आणि पुष्कळ पैसे वाचतात.

आता टायर. गाडी आणि जमीन यांचा संबंध चार तळहातांएवढ्या जागेतून येतो, त्यामुळे येथे घातलेला पैसा इतर कुठल्याही बदलापेक्षा अधिक उपयोगी पडतो असे माझे ठाम मत आहे. निवड मुख्यतः दोन प्रकारांत करायची असते. ऑल टेरेन टायरच्या नक्षीचे ठोकळे मध्यम आकाराचे असतात आणि त्यांवर बारीक चिरा असतात. ओल्या गुळगुळीत पृष्ठभागावर पकड देण्याचे काम या चिराच करतात. मड टेरेन टायरचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यामधली जागा रुंद असते, त्यामुळे चाक फिरताना अडकलेला चिखल बाहेर फेकला जातो. चिखलात दुसरा प्रकार सरस ठरतो, यात शंका नाही. पण त्या मोठ्या ठोकळ्यांचा रस्त्याशी प्रत्यक्ष संपर्क कमी असतो, आणि जुलै महिन्यात ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरताना ओल्या डांबरावर तेच टायर लांबवर घसरतात. ज्याची गाडी रोजच्या वापरातही आहे, त्याने ऑल टेरेन घ्यावेत. काळ्या मातीत मड टेरेनच हवेत असा युक्तिवाद काही जण करतात, परंतु भिजलेल्या काळ्या रानात काही फेऱ्यांतच कुठलाही टायर मातीचा गोळा होतो, आणि त्या दिवसांत पाणंदीत गाडी घालणे म्हणजे शेतकऱ्याच्या येण्याजाण्याची वाट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खराब करणे होय. तिथे जाऊच नये.

टायरचा आकार वाढवण्याआधी थोडे गणित करावे. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ आहे. १९५ चे ८० टक्के म्हणजे १५६ मिलिमीटर ही बाजूची उंची, तिची दुप्पट ३१२, आणि त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की पूर्ण व्यास ६९३ मिलिमीटर येतो. त्या जागी २१५/७५ आर १५ बसवला, तर व्यास ७०३ मिलिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे गाडी जेमतेम ५ मिलिमीटर उंच होते. २३५/७५ आर १५ घेतला, तर व्यास ७३३ होतो आणि उंची २० मिलिमीटरनी वाढते. पण मग स्पीडोमीटर सुमारे ६ टक्के कमी वेग दाखवतो, प्रत्येक गिअर तेवढ्याच प्रमाणात लांब होतो, चढावर इंजिनाची ओढ कमी पडते, आणि जड झालेले चाक थांबवण्यासाठी ब्रेकला जास्त कष्ट होतात. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला किंवा चॅसिसला घासतो का, हे गाडी सपाटीवर असताना कळत नाही. एक चाक उंच दगडावर चढवून, स्प्रिंग पुरती दाबलेली असताना ते तपासावे लागते. थारच्या मालकांना तुलनेने सोपे आहे, कारण कारखान्याने वेगवेगळ्या प्रकारांसाठी २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ असे दोन मोठे आकार दिलेले आहेत. त्यांतला १६ इंची रिमचा आकार कच्च्या वाटेसाठी अधिक चांगला, कारण टायरची बाजू उंच असली की हवा कमी करायला वाव मिळतो आणि दगडाचा मार रिमपर्यंत पोहोचत नाही. टायर घेताना त्याच्या बाजूवर छापलेला चार अंकी आकडाही पाहावा. २३२४ असे असेल, तर तो २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. भार पेलण्याचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. आणि नवे घ्यायचे तर स्टेपनीसकट पाच घ्यावेत, कारण फोर बाय फोर लावलेल्या गाडीत एका चाकाचा व्यास वेगळा असला तर सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर) यांच्यावर येतो.

टायरइतकीच त्यातली हवा महत्त्वाची आहे, आणि हा बदल जवळजवळ फुकट असूनही त्याची सर्वांत जास्त उपेक्षा होते. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, दगडाच्या आकाराभोवती दबतो आणि त्याला पकड मिळते. डांबरावर ३० पीएसआयच्या आसपास हवा ठेवणाऱ्या गाडीत दगडगोट्यांच्या वाटेवर २२ ते २४ आणि चिखलात १८ ते २० ठेवून पाहावे. १५ च्या खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटण्याची भीती असते, आणि त्या भागात एकट्याने तो परत बसवणे फार कठीण जाते. कमी हवेवर वेग तीस-चाळीसच्या वर नेऊ नये आणि डांबर लागताच हवा परत भरावी, नाहीतर टायरच्या बाजू तापून फाटतात. त्यासाठी बॅटरीच्या टोकांना थेट जोडता येणारा १२ व्होल्टचा दमदार कॉम्प्रेसर आणि विश्वासाचा गेज घ्यावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे लहान पंप चार मोठे टायर भरेपर्यंत तापून बंद पडतात. वाळूसाठी हवा आणखी कमी करतात हे खरे, पण कोकणातल्या किनाऱ्यांवर गाडी घालण्याची तयारी म्हणून हा परिच्छेद कोणी वाचू नये. वेळास आणि आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि त्या वाळूवरून गेलेले चाक काय चिरडून गेले हे चालवणाऱ्याला दिसतही नाही.

त्यानंतर ओढून काढण्याची व्यवस्था. गाडी रुतणार हे गृहीत धरावे. प्रश्न एवढाच, की ती कशाला धरून ओढायची. पुष्कळ गाड्यांच्या खाली लहान गोल कडी असते आणि तीच टोइंगचा हूक आहे असा समज असतो. प्रत्यक्षात ती गाडी वाहून नेताना बांधून ठेवण्यासाठी दिलेली असू शकते आणि झटक्याच्या ओढीत ती उपटून बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. एकदा चिखलात अशीच कडी सुटून मागच्या गाडीच्या बॉनेटवर आदळताना मी पाहिली आहे, त्या वेळी तिथे कोणी उभे नव्हते एवढेच नशीब. म्हणून मालकाच्या पुस्तिकेत ओढण्याची जागा कोणती सांगितली आहे ते पाहावे, आणि कच्च्या वाटेवर नेहमी जाणार असाल, तर चॅसिसला दोन किंवा अधिक उच्च प्रतीच्या बोल्टांनी बसणारे हूक पुढे आणि मागे लावून घ्यावेत. ट्रेलर जोडण्यासाठी असलेल्या गोळ्याला दोर अडकवून झटका देऊ नये, त्यातून जगभर माणसे दगावली आहेत. दोर आणि हूक यांना जोडणारा शॅकल ज्याच्यावर क्षमता कोरलेली आहे असाच घ्यावा. १९ मिलिमीटरच्या चांगल्या बो शॅकलवर ४.७५ टन असे लिहिलेले असते, आणि भाराचा आकडा नसलेला, हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्त शॅकल या कामाचा नव्हे.

दोरांतही फरक आहे. ताणला जाणारा कायनेटिक दोर झटक्याची ऊर्जा साठवून हळूहळू सोडतो, त्यामुळे रुतलेली गाडी दोन्ही गाड्यांच्या चॅसिसला इजा न होता निघते. न ताणणारा साधा पट्टा सावकाश ओढण्यासाठी आणि झाडाभोवती गुंडाळण्यासाठी ठेवावा. ओढताना दोराच्या मध्यावर जड कांबळे किंवा गोणपाट टाकावे आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दीडपट दूर उभे करावे. दोन रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खाचांच्या फळ्या) आणि चांगले फावडे बरोबर असेल, तर निम्म्या वेळा दोराची गरजच पडत नाही.

विंच, म्हणजे बॅटरीवर चालणारे दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, हे उत्तम साधन आहे, पण ती एकट्याने दूरवर जाणाऱ्यांसाठी आहे. तिची क्षमता गाडीच्या पूर्ण भरलेल्या वजनाच्या दीडपट असावी असा सर्वमान्य नियम आहे. विंचवर लिहिलेला आकडा ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाचा असतो. दोर जितका गुंडाळलेला, तितकी ओढ कमी. पूर्ण भारावर ती बॅटरीतून तीन-चारशे अँपिअर ओढते, त्यामुळे अशक्त बॅटरीवर विंच लावण्यात अर्थ नाही. आणि तिचे स्वतःचे तीस-चाळीस किलो वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकते. वजनाचा हा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून येथे मांडतो. जिम्नीचे स्वतःचे वजन साधारण १,२०० किलो आणि माणसे-सामान धरून परवानगी असलेले एकूण वजन १,५४५ किलो आहे. चार प्रौढ माणसे बसली की सुमारे २८० किलो संपतात, आणि उरलेल्या ६५ किलोंत लोखंडी बंपर, विंच, टपावरचा कॅरिअर, पाण्याचे कॅन आणि तंबू यांतले काय बसवायचे ते प्रत्येकाने स्वतः ठरवावे.

पोटाच्या संरक्षणासाठी इंजिनाचा संप (तळातले ऑइलचे भांडे), गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि इंधनाची टाकी यांच्याखाली पत्रा लावतात, त्याला बॅश प्लेट म्हणतात. तीन ते चार मिलिमीटरचा पोलादी पत्रा पुरतो. अॅल्युमिनिअम हलके असते, पण तेवढ्याच मारासाठी ते बरेच जाड घ्यावे लागते. बसवून घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो चॅसिसला बोल्ट केलेला असावा, ऑइल बदलण्यासाठी त्याला झाकणाचे भोक असावे, आणि साचलेली राड धुऊन जाण्यासाठी मोकळ्या खाचा असाव्यात, कारण पत्र्यावर वाळलेला जांभ्याचा चिखल ओल धरून ठेवतो आणि चॅसिसला आतून गंज चढवतो. दारांखालचे रॉक स्लायडर आणि पाय ठेवण्याची फूटस्टेप या दिसायला सारख्या गोष्टी आहेत, पण स्लायडर चॅसिसला जोडलेला असतो आणि त्यावर जॅक लावून पूर्ण गाडी उचलता येते. बॉडीला स्क्रूने लावलेली फूटस्टेप उलट खाली लोंबून दगडाला आधी लागते. अशी फूटस्टेप असेल, तर ती काढून टाकणे हाच पहिला बदल समजावा.

आता गाडी उंच करण्याबद्दल. उंच स्प्रिंग लावल्या म्हणजे गाडी कुठेही टेकणार नाही हा समज अर्धाच खरा आहे. अखंड अॅक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा एकच कणा, असलेल्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळचा भाग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा, आणि तो चाकांच्या मध्यरेषेवर असतो. स्प्रिंग कितीही उंच केल्या तरी बॉडी वर जाते, गोळा जिथल्या तिथेच राहतो. त्याला वर नेण्याचा मार्ग एकच, मोठे टायर. म्हणजे स्प्रिंगच्या उंचीने चढण्या-उतरण्याचे कोन आणि पोटाचा कोन सुधारतो, पण चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला गोळा घासत असेल, तर तो घासतच राहतो. तिथे एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेला ठेवून चालवण्याची सवय हाच खरा उपाय आहे.

जिम्नीसारख्या दोन्ही अखंड अॅक्सलच्या गाडीत ४० ते ५० मिलिमीटरपर्यंतची वाढ सुरक्षित मानली जाते, पण तिच्याबरोबर इतर कामे आपोआप येतात. पुढचा अॅक्सल स्वतःभोवती किंचित फिरतो आणि स्टिअरिंग सरळ होण्याची ओढ कमी होते, त्यासाठी वेगळे बुश लागतात. अॅक्सलला चॅसिसशी आडवा जोडणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे अॅक्सल एका बाजूला सरकतो, त्यासाठी रॉडची लांबी कमीजास्त करावी लागते. ब्रेकचे रबरी पाइप चाक पूर्ण खाली लोंबल्यावर ताणले जात नाहीत ना, ते पाहावे लागते. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे उंची वाढली की चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे कोन तिरपे होतात आणि त्यांचे रबरी बूट फाटून ग्रीस गळते. त्या गाडीत उंचीचा मोह आणखी आवरावा. रबराचे किंवा अॅल्युमिनिअमचे ठोकळे स्प्रिंगखाली घालून उंची वाढवणे स्वस्त पडते, परंतु स्प्रिंगची ताकद तीच राहते आणि शॉकअब्सॉर्बरला लांबी कमी पडते. करायचेच असेल, तर आपण नेहमी किती ओझे नेतो ते सांगून त्या वजनाच्या स्प्रिंग आणि जोडीचे शॉकअब्सॉर्बर एकत्र घ्यावेत, काम झाल्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करावे आणि हेडलाइटचा झोत खाली आणावा. पाचशे किलोमीटर झाले की प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्ह्याने पुन्हा आवळून घ्यावा. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे तीच गाडी घाटाच्या वळणावर पूर्वीइतक्या वेगात घेता येत नाही.

पाण्यासाठी स्नॉर्कल, म्हणजे हवा घेण्याची छतापर्यंत नेलेली नळी, लावण्याची पद्धत आहे. थारची पाण्यातून जाण्याची सांगितलेली मर्यादा मूळचीच ६५० मिलिमीटर आहे, आणि ती साठलेल्या पाण्याची आहे. वाहते पाणी गुडघ्याला लागले तरी गाडी बाजूला ढकलू शकते. स्नॉर्कल इंजिनाची हवा वरून घेतो, पण वायरिंग, अल्टरनेटर किंवा क्लच कोरडे ठेवत नाही. त्याच्या आधी डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स यांच्या ब्रीदर नळ्या, म्हणजे आतली हवा आत-बाहेर करू देणाऱ्या नळ्या, इंजिनच्या वरच्या भागापर्यंत लांबवाव्यात, हे काम थोड्या पैशांत होते. डिफरन्शियलचा गरम गोळा थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि आखूड नळीतून पाणी आत ओढले जाते. पाण्यातच इंजिन बंद पडले, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले नसेल, तर विमा कंपनी हे नुकसान सहसा देत नाही.

कायद्याची बाजू यातल्या कुठल्याही कामाआधी समजून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीतल्या तपशिलांत बदल करण्यावर बंधन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढे लावायचे लोखंडी क्रॅश गार्ड केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बेकायदा ठरवले. त्यामागचे कारण खरे आहे, कारण ते पादचाऱ्याला अधिक इजा करतात आणि धडकेचा जोर सेन्सरपर्यंत नीट न पोहोचल्याने एअरबॅग उघडण्यात अडथळा येऊ शकतो. त्यामुळे रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीसाठी कारखान्याने मान्य केलेल्या आकाराचे टायर, पोटाखालचा पत्रा, ब्रीदर नळ्या आणि आत ठेवायचे साहित्य इतक्यावर थांबणे शहाणपणाचे आहे. त्यापलीकडचे प्रत्येक काम करण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि वॉरंटीवर काय परिणाम होईल ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. छतावर जादा दिवे लावले असतील, तर ते सार्वजनिक रस्त्यावर झाकलेले ठेवावेत, आणि त्यांची वायर रिले व फ्यूजमधूनच न्यावी.

गाडी कितीही सज्ज झाली तरी सड्यांवर घालू नये. कास आणि त्याच्यासारखी कातळी पठारे वरून ओसाड दिसतात, पण पावसाळ्यात त्यांच्यावर येणाऱ्या वनस्पती बोटभर जाडीच्या मातीत तग धरतात, आणि चाकाने ती माती एकदा उकरली की पुढच्या पावसात ती वाहून जाते. मळलेली वाट असेल तिथेच चाक असावे, आणि ती कोणाच्या खाचरातून जात असेल, तर आधी घरी जाऊन विचारावे.

परत आल्यावरची कामे त्याच दिवशी करावीत. पोट, चाकांच्या आतल्या बाजू आणि बॅश प्लेटच्या खाचा दाबाच्या पाण्याने धुवाव्यात, ब्रेकच्या तबकड्यांमागे अडकलेले खडे काढावेत, आणि चाके हाताने हलवून बेअरिंग ढिली झाली आहेत का ते पाहावे. गाडी खोल पाण्यातून गेली असेल, तर डिफरन्शियलचा खालचा बोल्ट सैल करून थोडे ऑइल बाटलीत घ्यावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरलेले आहे, आणि ते ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवू नये.